रिव्हिजन शून्य ते आठ

त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा हात धुवायला उठलो आणि पॅसेजमधल्या पडद्यामागे कोणीतरी उभं आहे असं वाटून थबकलो. दुबईत अल मनखूलमधले जुने वन बेडरूम फ्लॅट आतून सगळे सारखेच. त्या पॅसेजमध्ये लोक चपलांचं कपाट ठेवतात, फार तर इस्त्रीचं टेबल. इथे छतापासून जवळजवळ जमिनीपर्यंत निळा पडदा होता आणि त्याच्या खाली बारा टोकं दिसत होती. मी मोजली. मोजणं हाच माझा धंदा आहे.

"घाबरू नका भावजी," वहिनी आतून म्हणाल्या, "माणूस नाहीये. ह्यांच्या पट्ट्या आहेत."

"पट्ट्या नाही, स्की," ते म्हणाले. "बर्फावर घसरायच्या. आणि सगळ्या एकाच मॉडेलच्या आहेत."

‘सगळ्या एकाच मॉडेलच्या’ हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की आता कोणाला काही विचारायचं उरलेलं नाही. आमटी गार होईल म्हणून मीही विचारलं नाही.

ते आमच्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. बांधकामाचं ड्रॉइंग एकदा येऊन थांबत नाही. आर्किटेक्ट भिंत हलवतो, म्हणजे रिव्हिजन एक. म्युनिसिपालिटी जिना रुंद करायला सांगते, रिव्हिजन दोन. मालकाला खिडकी दुसरीकडे हवी असते, रिव्हिजन तीन. अगदी पहिलं ड्रॉइंग ते रिव्हिजन शून्य. ही सगळी नोंदवायची, ज्याची त्याला सही घेऊन द्यायची, जुन्या प्रती परत मागवून त्यांच्यावर लाल शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. ऑफिसात सगळे त्यांना डीसी म्हणत. मी क्वान्टिटी सर्व्हेअर, म्हणजे बांधकामाची मापं आणि रेट काढणारा, म्हणून ते मला क्यूएस म्हणत. चौदा वर्षं आमची टेबलं शेजारी होती आणि या चौदा वर्षांत आम्ही एकमेकांना नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही.

लाल शिक्क्याच्या प्रती श्रेडरमध्ये टाकायच्या असा नियम होता. ते टाकत, पण प्रत्येक रिव्हिजनची एक प्रत कपाटात ठेवून. त्यांचं कपाट हा ऑफिसात चेष्टेचा विषय होता. मुहैस्नाहच्या कामानंतर ती चेष्टा थांबली.

तिथे आम्ही कामगारांच्या राहण्याच्या इमारती बांधत होतो. किचनच्या मागून ड्रेनची लाइन जायची होती आणि रिव्हिजन सहाप्रमाणे दुसऱ्या दिवशी खणायला सुरुवात होती. डीसी साइट इंजिनियरच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. "ही लाइन शून्यमध्ये इथेच होती. दोनमध्ये हलवली. आता परत इथे आली. का हलवली होती ते आधी बघा."

इंजिनियर कोट्टायमचा, तरुण, घाईत. "सर-जी, लेटेस्ट इज लेटेस्ट."

त्यांनी रिव्हिजन दोन उलगडून त्याच्या लॅपटॉपवर पसरली. ड्रॉइंगमध्ये जिथे बदल होतो त्याच्याभोवती ढगासारखी रेघ काढतात. त्या ढगात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की खालून हाय व्होल्टेज केबल जाते. तीनपासून पुढच्या एकाही कागदावर ती ओळ नव्हती. खणणारी सहा माणसं होती. हजेरीच्या शीटवर त्यांचे नंबर रोज माझ्या डोळ्यांखालून जात असत.

टाळ्याबिळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लाइन हलली, रिव्हिजन सात निघाली. चहा पिताना ते मला एवढंच म्हणाले, "क्यूएस, शेवटच्या कागदावर काय करायचं ते असतं. का करायचं, ते मधल्या एखाद्या कागदावर राहून जातं."

हे ऑफिसपुरतं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. माणूस घरीही तसाच होता. एकदा ओळखीतल्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली आणि चार दिवसांनी हॉल बदलल्याची दुसरी आली. सगळ्यांनी अंगठे दाखवले. यांनी मुलीच्या वडिलांना लिहिलं, "पहिली पत्रिका रद्द समजावी काय? कृपया लेखी कळवणे." वहिनींनी आमटीत चिंचेऐवजी आमसूल घातलं तर पहिल्या घासाला म्हणत, "बदल आहे." चांगला की वाईट ते सांगत नसत. वहिनी चिडून विचारायच्या, "अहो पण आवडली का?" त्यावर उत्तर, "नोंद घेतली."

स्कीचं सुरू झालं ते कंपनीच्या सहलीत. आम्हा सगळ्यांना मॉलमधल्या बर्फाच्या हॉलमध्ये नेलं होतं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत उणे दोन. अकाउंट्सचे लोक पडत होते, एकमेकांचे व्हिडिओ काढत होते. डीसी भाड्याचा जाड कोट घालून कठड्याशी उभे. भाड्याची स्की त्यांनी पायात घातलीच नाही, ती हातात उलटीसुलटी करून वाचत बसले. मग अचानक बाहेरच्या दुकानात गेले. तिथे त्याच नावाची नवी स्की टांगलेली होती. शर्टाच्या खिशात कायम असायची ती स्टीलची टेप त्यांनी काढली, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा खरंच उतरलेला होता.

"क्यूएस, नाव तेच आहे. या भाड्याच्या स्कीची कंबर, म्हणजे मधली रुंदी, चौऱ्याऐंशी मिलिमीटर. तिकडच्या नवीची अठ्ठ्याऐंशी. म्हणजे मध्ये बदल झाला आणि रिव्हिजन नंबर कुठेच टाकलेला नाही!"

"साहेब, घसरायचं नाही का?"

"कशावर घसरतोय ते तर कळू दे."

हॉलवाल्यांनी जुनं सामान विकायला काढलं, तेव्हा ती चौऱ्याऐंशीची जोडी त्यांनी घेतली; हे मला तो पडदा दिसेपर्यंत ठाऊक नव्हतं. मग दुकानातली अठ्ठ्याऐंशीची. मग शोध. हे मॉडेल किती वर्षं निघतंय, किती वेळा बदललं, हे त्यांनी इंटरनेटवर जुनी चित्रं शोधून लावलं आणि नंबर स्वतः दिले. शून्यपासून सुरुवात, भाड्याची चार, दुकानातली सहा. पुढे दुकानात सात आली, आठ आली, ती घेतली. शून्य ते तीन मात्र जुनी, ती मिळवायला त्यांना इथून निघून जाणाऱ्या युरोपियन लोकांच्या जाहिराती वाचाव्या लागल्या. मॉडेलचं नाव मी लिहीत नाही. "आपण त्यांची फुकट जाहिरात करायची नाही," अशी त्यांची ताकीद आहे.

त्यांना गाडी चालवता येत नसे, म्हणून त्या जेवणानंतर बऱ्याचदा मीच नेत असे. एका व्हिलात एक जर्मन बाई सामान आवरत होत्या. त्यांच्याकडे एक नंबर होती. त्यांनी सहज विचारलं, "यू स्की हिअर इन दुबई?"

"नो मॅडम."

"इन युरोप?"

"नो मॅडम. आय विल फाइल इट."

बाई हसल्या नाहीत, उलट खोक्यावर बसून त्या जोडीवर कोण, कुठे, कितीदा घसरलं ते सगळं त्यांनी सांगितलं. यांनी ते उभ्या उभ्या लिहून घेतलं. यांच्याकडे एक रजिस्टर होतं: नंबर, रंग, लांबी, टोक, कंबर, शेपूट, वजन, कोणाकडून आली, शेरा. एक नंबरपुढे शेरा आहे, ‘यावरून नवरा पडला. डावा गुडघा.’

परत येताना मी म्हटलं, "दोनशे दिरहम. म्हणजे साडेचार हजारांच्या वर गेले की."

"रिव्हिजनला रेट नसतो, क्यूएस."

माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. तिने त्यांना तोंडावर विचारलं, "अंकल, हॅव यू एव्हर ॲक्चुअली स्कीड?"

"बेटा, तुझे बाबा इमारती मोजतात," ते म्हणाले. "सगळ्यांत राहायला जातात का?"

ती मला म्हणाली, "ओके, फेअर." मला ते उत्तर अजून पुरतं पटलेलं नाही, पण खोडून काढता आलेलं नाही.

वहिनी टोमणे मारायच्या. घरात बर्फ म्हणाल तर फ्रीझरमधला ट्रेभर, आणि तयारी आल्प्सची! पण दर शनिवारी पडदा सारून मऊ जुन्या साडीने त्या पट्ट्या पुसायच्या त्याच. ते पुसत तेव्हा कडेला धूळ राहते, असं त्यांचं म्हणणं.

सगळं जमलं होतं, फक्त पाच नंबर सापडत नव्हता. पहिल्या दिवशी त्यांना जे खुपलं होतं ते नेमकं तिथेच होतं. चार ते सहा, चौऱ्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी. पाचचा इंटरनेटवर एकच बोटभर फोटो होता, नारिंगी रंग आणि मधून पांढरी रेघ. माप कुठेही नव्हतं. नऊ वर्षं ते ती शोधत होते. त्यांच्या मते ही लाइन एवढी का बदलली ते फक्त पाचवर कळणार होतं.

आणि मग त्यांची साठ पूर्ण झाली. कंपनीने निवृत्त केलं, म्हणजे व्हिसा संपणार, फ्लॅट सोडायचा, चिंचवडला जायचं. हातात पाच आठवडे होते.

वहिनींनी आधीच सांगितलं होतं, "तिकडे दोन खोल्या आहेत. एकीत आपण आणि एकीत तुमच्या पट्ट्या, हे जमायचं नाही. माळ्यावर मावलं तर न्या." त्यांच्या भावाने माळ्याची मापं पाठवली. पाच फूट बाय चार फूट, आणि वरून पाण्याचा पाइप गेलेला असल्यामुळे उंची मोकळी फक्त एक फूट. स्कीची लांबी पाच फूट सात इंच. मी कागद घेऊन बसलो. सरळ बसत नाही. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी घातली तर बसते, पण एकावर एक असा एकच ढीग होतो, आणि बूट अडकवायचे साचे काढून टाकले तरी पाइपखाली बारा मावतात. सोळा नाही. मी तीनदा मोजलं.

"बारा म्हणजे सहा जोड्या," ते म्हणाले. "कोणत्या दोन काढू?" हाताची कोणती दोन बोटं नकोत, असं विचारल्यासारखं त्यांनी विचारलं. मी दुसरीकडे बघितलं.

बर्फाच्या हॉलमधल्या एका फिलिपिनो शिक्षकाने आठही जोड्या मागितल्या होत्या. तो त्या शिष्यांना वाटणार होता. "वापरल्या जातील, वाईट काय," असं मी म्हटलं.

"वाईट काही नाही. लाइन मोडेल." थोड्या वेळाने म्हणाले, "पाच मिळाली असती तर मी कसंही करून नेली असती. गॅलरीत झोपलो असतो. पण अपुरी फाइल मी आयुष्यात कोणाला दिलेली नाही आणि घरीही नेणार नाही. जाण्याच्या आदल्या रविवारी त्याला बोलवा."

त्या रविवारला नऊ दिवस होते तेव्हा मी रास अल खोरला गेलो होतो, कंपनीच्या कामाला, वापरलेल्या पाइपांचे रेट घ्यायला. तिथल्या एका गोडाऊनमध्ये पेशावरचे खानसाहेब हॉटेलांचं आणि शाळांचं जुनं सामान विकतात. आत उकाडा होता. खानसाहेबांनी खुर्ची दिली आणि कोपऱ्यातून एक लांब काठी उचलून छताजवळचं पंख्याचं बटण दाबलं. काठी नारिंगी होती. मधून पांढरी रेघ.

मी फोन लावला. "साहेब, पाच आहे बहुतेक."

"मोजलीत?"

"टेप नाहीये जवळ."

"क्यूएस असून?" एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. पस्तीस मिनिटांत टॅक्सीने हजर.

तेवढ्यात मी खानसाहेबांना विचारून घेतलं होतं. "दूसरा कहाँ है?"

"दूसरा आया ही नहीं. कंटेनर में एक ही था. हम बोले, चलो, पंखा तो चलेगा."

म्हणजे जोडी नव्हती. एकच होती. हे त्यांना कसं सांगायचं याचा मी विचार करत होतो, पण सांगावं लागलं नाही. आत येताच त्यांनी ते पाहिलं. रुमाल पसरला, त्यावर ती स्की आडवी ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि टेप लावली. टोक, कंबर, शेपूट. कंबर त्यांनी दोनदा मोजली.

"शहाऐंशी," ते म्हणाले.

मला वाटलं आता पुढे काहीतरी येईल, केबलसारखं. ते बराच वेळ त्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवत राहिले.

"त्यांनाही खात्री नव्हती, क्यूएस. चौऱ्याऐंशीवरून एकदम अठ्ठ्याऐंशीवर जायचा धीर झाला नाही. मध्ये एकदा थांबून बघितलं. बास, एवढंच आहे."

"पण साहेब, एकच आहे ही."

"हो." ते स्कीकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली. "क्यूएस, ड्रॉइंग रेकॉर्डला लावताना किती प्रती लावतो आपण?"

"एक."

"डावी आणि उजवी यात फरक असतो?"

"तुम्हीच सांगितलंय, नसतो."

"मग मी आठ जोड्या कशाला सांभाळतोय? नऊ वर्षं!" ते खुर्चीवर बसले. "लोक जोडीने विकत होते, मी जोडीने घेत होतो. डुप्लिकेट जपल्या मी. डीसी असून!"

आणि ते हसायला लागले. चौदा वर्षांत मी त्यांना आवाज करून हसताना पहिल्यांदाच ऐकलं. खानसाहेबही काही न समजता हसले. मी हसत नव्हतो. मी मनात मोजत होतो. शून्य ते आठ, प्रत्येकी एक, म्हणजे नऊ. माळ्यावर बारा मावत होत्या.

"वो सब ठीक है," खानसाहेब म्हणाले, "अब पंखा कैसे चलेगा?"

डीसी उठले, ढिगातून एक पीव्हीसी पाइप निवडला, टेप लावून पाच फूट सात इंचावर खूण केली आणि म्हणाले, "यहाँ से काटो."

फिलिपिनो शिक्षकाला मीच फोन करून नाही म्हणालो. जोडीतली एक-एक स्की घेऊन त्याला काय करता येणार? राहिल्या आठ डुप्लिकेट. वहिनी म्हणाल्या, खाली कचऱ्यापाशी ठेवा, यल्ला, खलास. पण डीसींनी रद्द न झालेली प्रत कधी टाकली नव्हती. अशी प्रत जबाबदार माणसाच्या नावावर चढवून त्याच्या ताब्यात द्यायची असते.

जाण्याच्या आदल्या दिवशी ते ट्रान्समिटल घेऊन माझ्याकडे आले. ट्रान्समिटल म्हणजे कागद सोपवल्याची पोच. त्यावर ओळीने आठ नंबर लिहिलेले होते. मागून टॅक्सीवाला आठ स्की धरून उभा होता. आमची ही माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. टेप आणून एकेक मोजली, रजिस्टरशी ताडून पाहिली, आणि सहीच्या वर लिहिलं, ‘आठ नग मिळाले. क्रमांक पाच नाही. संच अपूर्ण.’

हे लिहिताना मला संकोच वाटला. माणूस उद्या कायमचा जातोय आणि मी शेरे मारतोय. पण जे होतं ते होतं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "बरोबर," ते म्हणाले. "चौदा वर्षांत असा शेरा फक्त तुम्ही मारलात. बाकी सगळे न बघता सही करायचे." मग कागदाची घडी घालता घालता म्हणाले, "तुम्ही जाताना कोणाला तरी द्याल. अपुरी देऊ नका."

त्या नऊ चिंचवडला पोहोचल्या. माळ्याचा फोटो आला. पाइपखाली चार बोटं जागा राहिली आहे, माझ्या हिशेबापेक्षा एक बोट जास्त. वहिनींनी लिहिलं होतं, "पुसायला आता शिडी लागते."

माझ्या आठ मुलीच्या खोलीत दारामागे उभ्या आहेत. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, धिस इज सो वियर्ड." महिन्याभराने मी त्या हलवायला गेलो तर म्हणाली, "लीव्ह देम." तिने चार आणि सहाच्या मध्ये एका स्कीएवढी जागा सोडलेली आहे. मी तिला तसं सांगितलेलं नव्हतं.

महिन्यातून एकदा त्यांचा फोन येतो. पाणी किती वाजता येतं, गुडघा कसा आहे, सगळं सांगतात. पाचबद्दल विचारत नाहीत. मीही काढत नाही.

शनिवारी सकाळी मी गाडीची किल्ली घेतो, तेव्हा आमची ही विचारते, कुठे? मी सांगतो, रास अल खोरला, पाइपचे रेट बघायला. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी तिच्याशी बोललेलं हे एकच खोटं आहे, आणि शनिवारी मी ऑफिसच्या कामाला हात लावत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे.

"बघून या," ती म्हणते. "पण जोडी मिळाली तरी एकच आणा."